उजळ करून देणाऱ्यांनो, आधी मोजा

आमच्या जिल्ह्यात फोटो काढला की माणूस गोरा होतो. धाराशिव असो, कळंब असो, परांडा असो की उमरगा. स्टुडिओत शिरताना तुमचा रंग काहीही असला तरी पाकिटातून बाहेर येणाऱ्या माणसाचा रंग ठरलेला असतो. मैद्यात चिमूटभर गुलाबी रंग कालवावा तसा. लग्नाच्या अल्बममध्ये नवरी, नवरदेव, दोन्हीकडचे मामा आणि चार महिने ऊसतोडीला जाऊन आलेला चुलतभाऊ, सगळे एकाच परातीतल्या कणकेतून केल्यासारखे दिसतात.

यावर बोलायला लागलं की गाडी लगेच 'आपल्या समाजाचं गोरेपणाचं वेड' या थांब्यावर जाऊन उभी राहते. वेड आहेच. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या एका क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द जायला २०२० उजाडावं लागलं. लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' हा रकाना अजून शाबूत आहे आणि तो भरताना आईबाप 'निमगोरा' आणि 'गहुवर्णी' यांच्यात घुटमळतात. हे सगळं लिहून झालंय, वाचून झालंय, स्टेटसला ठेवूनही झालंय.

माझं भांडण वेगळं आहे. माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंना माणसाचा खरा रंग छापताच येत नाही. त्यांची इच्छा असली तरी येत नाही, कारण त्यांनी आपला प्रिंटर आणि कागद कधी मोजलेलाच नाही. आणि ज्याला खरं छापता येत नाही, त्याने 'गिऱ्हाईकाला उजळच आवडतं' हे सांगूच नये. गिऱ्हाईकाने त्याच्याकडे खरी प्रिंट पाहिली कधी, की नाकारायची म्हणून?

मी सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी करतो, सुट्टीला गावी येतो. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: ज्याला सगळे 'डिफॉल्ट' म्हणतात, तो कुणीतरी, कधीतरी, कुणाच्या तरी सोयीसाठी घेतलेला निर्णय असतो. रंगाचं तेच आहे.

चवीपुरतं मीठ

फोटो म्हणजे आकडे. तुमच्या गालावरचा एक ठिपका म्हणजे समजा लाल १५०, हिरवा १०५, निळा ८०. हे आकडे प्रिंटरकडे गेले की प्रिंटर त्याच्या शाया मिसळतो. आता हे आकडे म्हणजे पाककृतीतलं 'चवीपुरतं मीठ' आहे. प्रत्येक घरचं मीठ वेगळं, प्रत्येकाचा हात वेगळा. एकाच फाइलची प्रिंट एका दुकानात तांबूस येते, दुसरीकडे हिरवट येते, आणि दोन्ही दुकानदार छातीठोकपणे सांगतात की आमचा प्रिंटर लई भारी आहे.

यावरचा उपाय जुना आहे. माणसाच्या डोळ्याला दिसणारा रंग आकड्यांत पकडायची पद्धत १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. १९७६ मध्ये त्यातून 'लॅब' नावाची मोजपट्टी आली. तिच्यात एक आकडा उजेड-अंधाराचा, ० ते १००. दुसरा हिरव्याकडून लालकडे जाणारा. तिसरा निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा. हे आकडे कुठल्याही यंत्राचे नाहीत, ते माणसाच्या नजरेचे आहेत. मग १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम काढलं आणि प्रत्येक यंत्राची या मोजपट्टीशी सांगड घालणारी एक फाइल ठरवली. तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. हा विशिष्ट प्रिंटर, ही विशिष्ट शाई आणि हा विशिष्ट कागद एकत्र आले की कोणत्या आकड्याला कोणता रंग उमटतो, त्याचा तक्ता म्हणजे प्रोफाइल. या तिघांतलं एक बदललं की तक्ता रद्द.

म्हणजे हे ज्ञान माझ्या वयापेक्षा जुनं आहे. ते धाराशिवपर्यंत पोचलं नाही, कारण कुणी मागितलं नाही.

शेळीची परीक्षा

ओळखीतल्या एका दादांचा शहरात स्टुडिओ आहे. त्यांना मी म्हणालो, दादा, तुमच्या प्रिंटरचं प्रोफाइल करू. ते म्हणाले, "आरं, डोळ्याला कळतंय की. पंधरा वर्षं हेच करतोय." मी म्हणालो, डोळ्याला कळतं ना, मग आधी शेळीचा फोटो छापा.

उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण शेळी उस्मानाबादीच राहिली. ती बहुतेक करून काळीभोर असते. शेळीला बायोडेटा नसतो, त्यामुळे तिला उजळ करायचा मोह कुणाला होत नाही. तिच्या फोटोत जी चूक दिसते ती निव्वळ यंत्राची. प्रिंट आली तेव्हा शेळीची पाठ जांभळट निळी होती. दादा बघत राहिले. मग म्हणाले, "लाव तुझं यंत्र."

काम असं असतं. प्रिंटर ड्रायव्हरमधल्या सगळ्या हुशाऱ्या आधी बंद करायच्या: व्हिव्हिड, एन्हान्स, ऑटो करेक्ट, सगळं. कागदाचा प्रकार एकदा निवडायचा आणि तोच कायम ठेवायचा. मग शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता कुठलीही दुरुस्ती न करता छापायचा. प्रिंटर जसा आहे तसा, अंघोळ न घातलेला, आपल्याला पाहायचा असतो. तो तक्ता एक दिवस वाळू द्यायचा, कारण शाई सुकताना रंग सरकतो. दुसऱ्या दिवशी स्पेक्ट्रोफोटोमीटरने एकेक चौकोन मोजायचा. हे यंत्र स्वतःचा दिवा चौकोनावर टाकतं आणि परत आलेल्या उजेडात कोणत्या तरंगलांबीचा किती भाग आहे ते सांगतं. त्याला पंधरा वर्षांचा अनुभव नसतो. ते दमत नाही, आणि समोर कोण बसलंय तेही पाहत नाही. हे आकडे सॉफ्टवेअरला दिले की प्रोफाइल तयार. मी अर्गिल सीएमएस वापरतो. ते फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो.

यात एक गंमत कागदाची. आपल्याला 'दुधासारखा पांढरा' कागद आवडतो. हा पांढरेपणा बऱ्याचदा उसना असतो. कपड्यांना नीळ द्यावी तसे कागदात ऑप्टिकल ब्राइटनर घातलेले असतात. ते न दिसणारा अतिनील उजेड घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतात. यंत्र म्हणतं, कागद निळा आहे. सॉफ्टवेअर ती निळाई मारायला पिवळा वाढवतं. आणि चेहरे काविळीसारखे येतात. म्हणून मोजताना अतिनील किरण धरायचे की गाळायचे, हे ठरवावं लागतं. त्यातून हे ब्राइटनर काही वर्षांत उतरतात आणि कागद पिवळा पडतो. कमी चमकणारा, ब्राइटनर नसलेला कागद घेणं केव्हाही बरं.

शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त चुकणारी. छापताना प्रोफाइल एकदाच लागलं पाहिजे. फोटोशॉपनेही लावलं आणि ड्रायव्हरनेही रंग 'सांभाळले', की दोन सुनांनी एकाच आमटीत मीठ टाकल्यासारखं होतं.

प्रोफाइल लावून शेळी परत छापली. काळी आली.

गोरेपणाचा कारखाना

आता खरा मुद्दा. दादा वाईट माणूस नाहीत. त्यांना कुणाचा रंग पुसायचा नव्हता. तरी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं माणसं गोरी होऊन बाहेर पडत होती. ते कसं होतं पाहा.

नवा मॉनिटर दुकानात चमकावा म्हणून कारखान्यातूनच भगभगीत उजेडावर आणि निळसर पांढऱ्यावर लावलेला असतो. प्रिंटशी जुळवायला लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट उजेड. त्यावर फोटो छान दिसतो. प्रिंट काढली की ती शेजारी काळवंडलेली वाटते. प्रिंटला स्वतःचा दिवा नसतो, ती खोलीच्या उजेडातच दिसणार. मग ऑपरेटर काय करतो? कर्व्ह वर ओढतो. चेहरा उजळतो. पुढच्या वेळी आधीच ओढून ठेवतो. मग त्याची ॲक्शन बनवून ठेवतो: एक बटण, आख्खा अल्बम उजळ. हाताखालच्या पोराला तेच शिकवतो. तो पोरगा पुढे तालुक्याच्या गावी स्वतःचा स्टुडिओ टाकतो आणि ती ॲक्शन पेनड्राइव्हमधून सोबत नेतो.

कुणीही 'काळी माणसं गोरी करू' असं ठरवलं नाही. मॉनिटरचा उजेड चुकला, तो कुणी मोजला नाही, आणि चुकीची परंपरा झाली. मग तिला 'गिऱ्हाईकाची आवड' असं नाव मिळालं. वेडाचं खापर समाजावर फोडणं सोपं आहे. समाजाच्या वेडाआड लपलेला हा आळस मात्र कुणी मोजत नाही.

'प्रिंटरलाच मर्यादा असतात' असंही ऐकायला मिळतं. असतात. भडक हिरवा शालू, जरीचा झळाळ, काही निळे, हे शाईला पकडता येत नाहीत. जर तर मुळात चमक आहे, कागदावर ती पिवळा-तपकिरी होऊनच येणार. पण माणसाची कातडी? गोऱ्यातल्या गोऱ्यापासून काळ्यातल्या काळ्यापर्यंत माणसाच्या त्वचेचे रंग मवाळ असतात. साध्या सहा रंगांच्या इंकटँक प्रिंटरच्या आवाक्यात ते आरामात बसतात. शालू चुकला तर प्रिंटरला माफ करा. चेहरा चुकला तर माफी नाही.

शर्ली ते धाराशिव

हे फक्त आपलंच नाही. कोडॅक कंपनी फोटो लॅबना रंग जुळवायला एक नमुना कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असायचा. कंपनीत काम करणाऱ्या शर्ली नावाच्या बाईवरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायला लागले. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर. काळ्या माणसाचा चेहरा डांबरासारखा आला, तर दोष त्या माणसाच्या रंगाचा. कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी हा इतिहास खणून काढला. त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की फिल्मवर तपकिरी छटा नीट याव्यात अशी तक्रार कोडॅककडे जोरात केली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी. त्यांना आपलं डार्क आणि मिल्क चॉकलेट जाहिरातीत वेगळं दिसायला हवं होतं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं.

थोडक्यात, माणसांच्या आधी चॉकलेटला न्याय मिळाला. आपल्याकडेही तसंच होईल अशी भीती वाटते. कुंथलगिरीचा पेढा फोटोत पांढरा पडला तर हलवाई स्टुडिओवाल्याशी भांडेल, कारण पेढा खरपूस भाजलेला दिसला पाहिजे. माणूस खरपूस दिसला तर मात्र आपण म्हणणार, "जरा उजळ करा की."

आणि ही आवड आपली सनातन वगैरे आहे असं म्हणणाऱ्यांनी तुळजापूरला जाऊन यावं. भवानीची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. पंढरीच्या विठ्ठलाला सावळा म्हणताना आपला कंठ दाटून येतो. देव गोरे-गुलाबी झाले ते छापखान्यात. राजा रविवर्म्याचा लिथोग्राफीचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून चित्रं छापली जात. घराघरांत पोचलेल्या अशा चित्रांनी आणि त्यामागून आलेल्या कॅलेंडरांनी आपल्याला देवांच्या एका ठरावीक कांतीची सवय लावली. ती चित्रं होती, चित्रकाराला तो हक्क होता. फोटो मात्र 'हा माणूस असा होता' अशी साक्ष देतो. साक्षीदाराला चित्रकाराचा हक्क नसतो.

गोंदण

आज्जी गेली तेव्हा तिचा फोटो मोठा करायला दिला होता. फोनवर काढलेला, दुपारच्या उजेडात, ओसरीवर बसलेली. आज्जीने उभा जन्म ज्वारीच्या रानात खुरपण केलं. रंग काळा, तोही उन्हाने रापलेला. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट गोंदण. फ्रेम होऊन आली ती चौदाव्याच्या आदल्या दिवशी. मागे निळं आभाळ आणि ढग. चेहरा गव्हाच्या पिठासारखा. सुरकुत्या इस्त्री केलेल्या. आणि गोंदण नाही. कुणीतरी 'डाग' समजून ते पुसलं होतं. बहुधा एका ब्रशने, दोन सेकंदांत.

घरात कुणी काही बोललं नाही. अशा वेळी कोण बोलतं? हार घातला, उदबत्ती लावली. पण माझ्या चुलतभावाची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिला पणजी आठवणार ती त्या फ्रेममधली. आमच्या घरातली एक काळी, गोंदलेली, कष्टाने वाकलेली बाई दोन सेकंदांत गेली आणि तिच्या जागी जाहिरातीतली आजी आली. ते आम्ही मागितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

नंतर मूळ फाइल शोधून मी ती दादांच्याच प्रिंटरवर, त्याच प्रोफाइलने, साध्या मॅट कागदावर छापली. ढग काढले. बाकी काही केलं नाही. आत्याने ती प्रिंट हातात घेऊन दारात उजेडाला नेली आणि म्हणाली, "गोंदण दिसतंय की." एवढंच म्हणाली.

अचूक रंग हा हौशी फोटोग्राफरचा चाळा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या घरातल्या भिंतीवरचे फोटो एकदा नीट बघावेत.

येणारे आक्षेप

पहिला आक्षेप आपल्या साहित्यिक मित्रांचा: अचूक रंग असं काही नसतंच, सगळं बघणाऱ्यावर असतं. बरं. मग आडतीवर ज्वारीचं माप घालतानाही असंच म्हणा. वजन हेही शेवटी एक मान्य केलेलं माप आहे. तरी काट्यावर वैध मापनवाल्यांचा शिक्का लागतो, ठरावीक मुदतीने तपासणी होते, आणि काटा मारला तर शेतकरी भांडतो. रंगाची मापंही अशीच मान्य केलेली आहेत: कोणता उजेड, कोणता कोन, कोणती नजर. दोन रंगांतल्या फरकालाही आकडा आहे, त्याला डेल्टा ई म्हणतात. तो साधारण १ असेल तर फरक डोळ्याला जेमतेम कळतो. तुम्ही ट्यूबखाली बघा की उन्हात बघा, नजर सापेक्ष राहीलच. म्हणून काटा मारायला परवानगी मिळत नाही.

दुसरा आक्षेप धंद्याचा: यंत्र महाग आहे. नव्या यंत्राला चांगल्या लेन्सइतके पैसे पडतात, खरं आहे. पण प्रोफाइल रोज करायचं नसतं. कागद किंवा शाई बदलली की करायचं. दहा स्टुडिओंना मिळून एक यंत्र पुरतं. ड्रोन भाड्याने फिरवता, क्रेन भाड्याने आणता, मग हे का नाही? तेही नको असेल तर चांगल्या कागदाच्या कंपन्या प्रचलित प्रिंटरांसाठी तयार प्रोफाइल फुकट देतात. ते तुमच्या यंत्रासाठी नेमकं नसतं, पण 'व्हिव्हिड' बटणापेक्षा शंभरपट बरं. अट एकच, शाई कंपनीची हवी. स्वस्तातली भरलेली शाई वापरणार असाल तर स्वतः मोजण्याला पर्याय नाही. आणि मॉनिटरचा उजेड कमी करायला एक रुपयाही लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: गिऱ्हाईकच म्हणतं, उजळ करा. म्हणू दे. त्याच्या पैशाची प्रिंट आहे, त्याला मेकअप करायचा हक्क आहे तसा हाही आहे. मी कुणाच्या बायोडेटावर पोलीस बसवायला निघालेलो नाही. मी एवढंच म्हणतो की आधी खरी प्रिंट त्याच्यासमोर ठेवा. मग विचारा. दादांनी आता हे सुरू केलंय. त्यांच्याकडे अजूनही बरेच जण उजळच मागतात. पण काही जण खरी प्रिंट बघून थांबतात आणि म्हणतात, "हीच राहू द्या." या माणसांना आजवर निवडायला दुसरं काही नव्हतंच.

एक मर्यादाही सांगतो, नाहीतर कुणीतरी मला ती शिकवायला येईल. प्रोफाइलमुळे वाईट फोटो चांगला होत नाही. मंडपातल्या जांभळ्या एलईडीत काढलेला चेहरा जांभळाच छापला जाईल, आणि तोही अचूक. फोनच्या ब्यूटी मोडने आधीच खाल्लेलं गोंदण कुठलंही प्रोफाइल परत आणणार नाही. त्यामुळे हे काम तुमच्यापासून सुरू होतं, जे हा लेख आत्ता फोनवर वाचताय. कॅमेरा उघडा, ते बटण शोधा, बंद करा. तुमच्या फोनला तुमच्या आईचा रंग 'सुधारायला' कुणी सांगितलं होतं?

स्टुडिओत जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. या कागदाचं प्रोफाइल आहे का? मॉनिटर शेवटचा कधी मोजला? मी न सांगता माझ्या चेहऱ्याला काय काय केलं? पहिल्यांदा तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. दहाव्या गिऱ्हाईकाने विचारलं की शोधायला लागतील. भाजीवालीच्या काट्याकडे आपण डोळे वटारून बघतो. आज्जीच्या चेहऱ्यासाठी तेवढं तरी बघू या.